चार वाजताचं पाणी

गल्लीत रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं की गेटमन मामा त्या ओघळाच्या कडेकडेनं उलटं चालत जायचे. ज्या दारातून ते आलं असेल त्या दाराची कडी वाजवून विचारायचे, "बाई, तुमचं पाणी बिनतिकिटाचं कुठं निघालंय?"

पूर्णेकडं रेल्वेच्या फाटकावर जन्म काढून मामा परभणीत आमच्या गल्लीत राहायला आले होते. तेव्हा इथं एकही झाड नव्हतं. उन्हाळ्यात डांबर चपलांना चिकटायचं. मामांनी कडुनिंब लावले, ते माझ्या शेळ्यांनी खाल्ले. दुसऱ्या साली शेवगा लावला, तोही खाल्ला. तेव्हा गल्ली आमच्या दारात जमली. कोपऱ्यावरची दुकानवाली म्हणाली, "हिच्या शेळ्या कोंडवाड्यात घाला."

मी दाराआड उभी होते. चार शेळ्यांवर आमचं घर चालतं.

मामा म्हणाले, "शेळीनं शेळीचं काम केलं. मीच तिच्या ताटात वाढलं." मग उंबऱ्याशी उकिडवे बसून त्यांनी मला विचारलं, "माय, तुज्या शेळ्या काय खात न्हाईत?"

मी चौथी शिकलेली. घरात मला विचारायचे ते एवढंच, की अमुक कुठं ठेवलंय. मी हळूच म्हणाले, "करंज. हुंगतात अन् सोडतात."

त्या पावसाळ्यात मामांनी करंजाची अकरा रोपं लावली. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना, असं त्यांनी ठरवलं. साबणाचं चालायचं नाही. रोज चार वाजता बादली घेऊन ते घरोघर जायचे. कुणी "मामा, उद्या देते" म्हटलं तर पायरीवर बसायचे. "बसतो की उद्यापर्यंत."

मला ते माती बघायला लावायचे. "वरून ओलं दिसतंय ते फसवं असतंय माय. बोट घाल." मोठ्या रस्त्यावर रोपं लावून फोटो काढणारी माणसं आली की म्हणायचे, "फोटोला पाणी लागत न्हाई."

पहिला उन्हाळा असा निघाला. दुसरा लागताना त्यांना नीट दिसेना झालं. लेक पुण्याला घेऊन गेला. रिक्षात बसण्याआधी त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "दोन उन्हाळे निघाले की झाड आपलं आपण जगतंय. एक निघाला. एक राह्यला."

तीन दिवस मी आमच्या दारापुढच्या दोन झाडांनाच पाणी घातलं. बाकीच्यांसाठी दारं वाजवायची होती, ते माझ्यानं होईना. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या करंजानं पानं टाकली. त्याला जवळचं दार दुकानवालीचं. कडी वाजवली, ती हातातलं पाण्याचं घमेलं घेऊनच बाहेर आली, आणि मी बादली पुढं केली.

तिनं बादलीकडं बघितलं. "आता तू का?"

"हो."

"थांब. हे साबणाचं हाय, भाजीचं आणते."

उन्हाळाभर मी दारं वाजवली. एक झाड वाळलं, दहा राहिली.

दिवाळीआधी पुण्याहून फोन आला, मामा गेले. पाऊस चांगला झाला होता, माती अजून ओली होती. तरी चार वाजता मी घरोघर गेले, बातमी सांगायला. मी पाणी मागितलं नव्हतं. पण ऐकून घेतलं की प्रत्येक बाई आत जायची आणि पाणी घेऊन यायची.




मी ते झाडांना घातलं.