एक स्टड जास्त

आमच्या यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत यांनी कधी शिकवलेलं नाही. पण समोरच्याचा एखादा शब्द चुकला की यांच्या कपाळावर आठी पडते, आणि तो शब्द सुधारून घेतल्याशिवाय त्या माणसाची सुटका नसते. हे जन्मापासून आंधळे आहेत. कुणी अदबीनं ‘दृष्टिहीन’ म्हणालं तर हे विचारतात, “हीन कोण? आंधळा म्हणा की सरळ.” मग समोरच्याची जी त्रेधा उडते, ती बघायला मला आवडते. मला दिसतं, त्यामुळे ही मजा फक्त माझ्या वाट्याला येते.

काम टायपिस्टचं. रुग्णालयातले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की रेकॉर्डरमध्ये बोलतात, आणि ते ऐकून हे अहवाल टाइप करतात. पूर्वी ऑफिसात बसून करायचे, आता घरून. टाइप केलेलं कॉम्प्युटर यांना वाचून दाखवतो, आणि तोही इतक्या भरभर, की मला त्यातला शब्द कळेल तर शपथ. डॉक्टर मंडळी काय बोलतात हे त्यांचं त्यांनाही नीट ऐकू येत नसावं. यांना येतं.

तर झालं असं की ऑफिसनं नवा प्रोग्रॅम आणला आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा जीव त्याखाली घुसमटायला लागला. साहेबांचा फोन आला. “सोमवारपर्यंत नव्या प्रोग्रॅमवर काम सुरू झालं पाहिजे, मास्तर. नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल. आणि खरं सांगू का, आता थांबलात तरी कुणी काही म्हणणार नाही.”

ते शेवटचं वाक्य बोलले नसते तर आम्ही चार लोकांसारखे दुकानात गेलो असतो. पण हे तडकले. “मशीन मी स्वतः जोडणार,” म्हणाले, “सोमवारी काम सुरू.” आणि फोन आपटला.

“स्वतः कशाला म्हणालात?” मी विचारलं.

“बोलून गेलो.”

“मग आता?”

“आता जोडायचं.”

नवा मदरबोर्ड आला, प्रोसेसर आला, रॅम आली. जुन्या डब्यात बोर्ड मावत नव्हता म्हणून नवं कॅबिनेटही आलं. यांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं आणि मला बजावलं, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. मी खुर्ची ओढून भाजी निवडत बसले. यांची बोटं बोर्डावरून फिरत होती. कुठली वायर कुठे जाते ते एकदा वाचून घेतलेलं यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

यांच्या शाळेत हातकामाचे एक गुरुजी होते, तेही आंधळेच. त्यांचा एक दंडक होता. काम संपलं की टेबलावरून हात फिरवायचा, आणि हाताला काही लागलं तर काम अपुरं आहे असं समजायचं. आंधळ्या माणसाचा टेबलावर राहिलेला स्क्रू म्हणजे हरवलेलाच स्क्रू. तो दंडक यांच्या अंगात इतका मुरलाय की आमच्या घरात लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा क्षणभर मोकळं राहू शकत नाही. कॅबिनेटबरोबर पितळी स्टडची एक पुडी आली होती. बोटाच्या पेराहून लहान असे हे स्टड कॅबिनेटच्या पत्र्यात पिळून बसवायचे आणि त्यांच्यावर बोर्ड ठेवायचा, म्हणजे बोर्डाची पाठ पत्र्याला टेकत नाही. यांनी चाचपून चाचपून पुडीतला एकूणएक स्टड बसवला, बोर्ड चढवला, स्क्रू आवळले. शेवटी टेबलावरून तळहात फिरवला. टेबल साफ. चेहरा असा, की आता कुणीतरी शाबासकी द्यावी.

बटण दाबलं. पंखा फुर्र करून अर्धा फिरला आणि गप्प झाला.

सगळं ठीक असलं की कॉम्प्युटर एकदा बीप करतो, हे त्या बीपकडे कान लावून बसले होते. पुन्हा बटण, पुन्हा फुर्र, पुन्हा गप्प. यांनी रॅम काढून घातली. एकच पट्टी लावून पाहिली, मग दुसरी. विजेच्या पिना काढून पुन्हा खटकन बसवल्या. जुनी डिस्क सोडवून ठेवली. काही फरक नाही. शनिवार उजाडला तरी आमच्या टेबलावर फुर्र आणि गप्प एवढंच चालू होतं, आणि जेवण आम्ही मांडीवर ताट घेऊन करत होतो.

दुपारी भावोजी आले, म्हणजे यांचा धाकटा भाऊ. बरोबर एक दुरुस्तीवाला. आम्ही बोलावला नव्हता. भावोजी मायाळू माणूस, पण त्यांची माया ही अशी न विचारता दारात उभी राहते.

दुरुस्तीवाल्यानं यांच्याकडे एकवार पाहिलं आणि मला विचारलं, “काकू, यांचा नेमका काय प्रॉब्लेम आहे?”

“यांचा काही नाही,” मी म्हटलं. “मशीनचा आहे. आणि तो त्यांनाच विचारा, बोलता येतं त्यांना.”

तो ओशाळला. पण पोरगा वाईट नव्हता. त्यानं सगळं यांच्याकडून ऐकून घेतलं, आपल्याजवळचा पॉवर सप्लाय लावून बघितला. तेच. “बोर्ड गेलेला दिसतो, काका. दुकानात न्यावा लागेल. आठवडा तरी जाईल.”

“आठवडा नाही माझ्याकडे.”

भावोजींनी संधी साधली. “दादा, कशाला हा अट्टहास? आयुष्यभर केलंस की. आता आराम कर. मी आहे ना.”

“तू आहेस म्हणूनच मला काम पाहिजे,” हे म्हणाले. “उद्यापासून तू मला रस्ता ओलांडून देशील, परवा माझा घास मोडून देशील. मला ओळखतोस ना? मी चावेन.”

भावोजी हसले नाहीत. मीही नाही. जाता जाता दुरुस्तीवाला दारातून परत फिरला आणि या वेळी थेट यांच्याजवळ येऊन म्हणाला, “काका, एकदा बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालू करून बघा. आशा कमी आहे, पण बघा.”

ते गेल्यावर मी यांच्याकडे पाहिलं. हे हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. यांचे हात रिकामे बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मला साहेबांचा संताप आला, भावोजींचा आला, त्या टेबलावरच्या डब्याचा आला. काम गेलं असतं तर आम्ही उपाशी मेलो नसतो. पण या घरात दिवसभर ‘मास्तरांना जपा, मास्तरांना धरा’ एवढंच उरलं असतं, आणि ते मला यांच्याइतकंच असह्य होतं.

“पुठ्ठा आणू?” मी विचारलं.

“विचारलं का मी?”

“नाही. तरी आणते.”

मी जुन्या मिक्सरचं खोकं फाडलं. रविवारी सकाळी यांनी बोर्ड बाहेर काढून त्या पुठ्ठ्यावर ठेवला, कॅबिनेट शेजारी उभं करून वायरी ताणून जोडल्या, आणि बटण दाबलं. पंखा फिरला. फिरतच राहिला. आणि बीप!

मी किंचाळले. हे मात्र भुवया चढवून बसले होते. “म्हणजे बोर्ड जिवंत आहे. पुठ्ठ्यावर चालतो, डब्यात मरतो. डब्यात असं काय आहे?”

एक हात बोर्डाच्या पाठीवर, दुसरा कॅबिनेटच्या पत्र्यावर. डाव्या बोटाला बोर्डाचं भोक सापडलं की उजवं बोट त्याच्या जोडीचा स्टड शोधायचं. भोक, स्टड. भोक, स्टड. मधेच उजवा हात एका स्टडवर थबकला. डावा हात त्या जागी पुन्हा पुन्हा फिरला. तिथे बोर्डाला भोकच नव्हतं.

“एक जास्त आहे,” हे म्हणाले.

कॅबिनेट वेगवेगळ्या मापाच्या बोर्डांसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे पत्र्यात भोकं जास्त आणि पुडीत स्टडही जास्त. उरतील ते बाजूला ठेवायचे असतात. यांनी उरू दिला नाही. तो फाजील पितळी ठोंब्या बोर्डाच्या पाठीला टेकला होता आणि बटण दाबलं की शॉर्ट होऊन वीज आपोआप तुटत होती.

“गुरुजी,” हे छताकडे तोंड करून म्हणाले, “बुडवलं असतंत मला.” आणि इतके हसले की ठसका लागला. मग पक्कड मागून घेतली, तो स्टड उपसला आणि टेबलावर ठेवला. बोर्ड डब्यात परत बसवताना हात दोनदा त्या स्टडला लागला आणि दोन्ही वेळा हे अस्वस्थ झाले. पण राहू दिला. सोडवून ठेवलेली डिस्क जोडली, डबा मिटून बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर आपल्या त्या घाईच्या आवाजात बोलायला लागला. संध्याकाळपर्यंत नवा प्रोग्रॅमही चढला.

सोमवारी सकाळी यांनी ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, “अरे, पण काम तर मी शनिवारीच दुसऱ्याला दिलं. म्हटलं, तुम्हाला कसं जमणार? आता विश्रांती घ्या, मास्तर.”

यांनी या वेळी फोन आपटला नाही, हळूच ठेवला. “रिक्षा बोलाव,” म्हणाले. “आणि कपाटातली टॉवेलची चळत काढ. डब्याला धक्का लागता कामा नये.”

कॅबिनेट यांच्या मांडीवर, कीबोर्ड आणि हेडफोन माझ्या पिशवीत. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी रिक्षावाल्याच्या नावानं शंख करत होते. ऑफिसात शिरलो ते थेट साहेबांच्या खोलीत. त्यांच्या टेबलावरचे कागद मी हातानं बाजूला सारले आणि यांनी डबा मधोमध ठेवला.

“साहेबांचा पंखा कुठे लावलाय?” यांनी मला विचारलं. मी बघितलं, पंख्याची पिन काढली आणि आमची लावली. साहेबांना घाम त्याआधीच फुटला होता.

“अहो मास्तर, मॉनिटर कुठाय?”

“मला कशाला हवा? तुम्हाला बघायचं असेल तर तुमचा जोडा.”

त्यांनी खरंच जोडला. दारात कारकून मंडळी जमली.

“आता रेकॉर्डिंग द्या,” हे म्हणाले. “सोपं नको. कुणालाच कळत नाही असं एखादं असेल ते द्या.”

साहेबांनी खूप शोधून हाडांच्या मोठ्या डॉक्टरांचं काढलं. तोंडात गोळी धरून, पाठ वळवून, बहुधा जिना उतरता उतरता बोललेलं. ज्याला काम दिलं होतं त्यानं त्यातल्या निम्म्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. यांनी हेडफोन चढवले, मान किंचित तिरकी केली आणि बोटं चालू झाली. मॉनिटरवर ओळीमागून ओळ उमटत गेली. एक जागा कोरी नाही. एकदाच हे थांबले, मागे जाऊन ऐकलं आणि पुढे निघाले. माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसतंय याची मला पर्वा नव्हती.

साहेब वाचता वाचता खुर्चीत पुढे सरकले. घसा खाकरून म्हणाले, “मास्तर, ठीक आहे. काम तुमच्याकडेच राहील. आजपासूनच, मी आत्ता त्यांना कळवतो. आणि झाल्या प्रकाराबद्दल मी…”

यांनी हात वर केला. दुसऱ्या हाताची बोटं चालूच होती.

“साहेब, मधे बोलू नका. ऐकू येत नाही.”