नाव विचारणारी बाई

“बाबा, तुम्ही सांगू नका. त्यांना आठवू द्या.” आल्या आल्या बाईचं हेच पहिलं वाक्य. मग बोट दाखवून मला ओटीवर बसवायची.

माझी बायको वरंधच्या वळणावर पुतण्याच्या गाडीवरून पडली. डोक्याला मार बसला. जखम भरली, पण मेंदूला सगळं नव्यानं शिकवायला लागेल म्हणाले डॉक्टर. त्यासाठी दवाखान्यातली ही बाई दर मंगळवारी महाडहून स्कूटीवर बिरवाडीला यायची. आणि शिकवायची काय? वाल नि चवळी एकत्र ओतून निवडायला लावायची. मला संशयच आला. असलं काम तर आमची शेजारीण पण देईल.

एकदा चहा करायला लावला. बायकोनं साखर घातली, पावडर घातली, गॅस पेटवायचाच विसरली. मी लायटर उचलला तर बाई ओरडली, “हात मागे!” माझ्याच घरात!

मग एक दिवस तिनं विचारलं, “आजी, नवऱ्याचं नाव काय?”

बायको खाली बघून चवळी निवडत राहिली. बाईनं कागदावर फुली मारली.

माझं डोकं फिरलं. “अवो बाई, चाळीस वर्सांत तिनं माझं नाव घेतलं नाय. आमच्यात बायका घेत नाय. तुमच्या कागदासाठी घेईल होय?”

बोललो खरा, पण मग माझं मलाच कळेना. लाजली, का विसरली?

पुढच्या मंगळवारी बाईनं घरातल्या एकेकाचं नाव विचारलं. दीर, जाऊ, पुतण्या, गाय. बायकोनं धडाधड सांगितलं. माझ्या नावापाशी आली नि पदर तोंडाला लावला.

“बघा बाबा, लाजल्या,” म्हणत बाईनं फुली खोडली. मला वाटलं, म्हाताऱ्याची समजूत काढते.

दिवाळीच्या आधी बायको झोपेतच गेली. दहाव्याला बाई आली. गुपचूप बायकोच्या जावेबरोबर भांडी विसळायला बसली. मी जवळ जाऊन विचारलं, “खरं सांग पोरी. तिला माझं नाव ठावं होतं?”

तिचे हात थांबले. “लाजल्या, ते मी बघितलं बाबा. आत काय होतं, मला नाही कळलं.”

होय म्हणून सुटता आलं असतं तिला. तसं म्हणाली नाही. म्हणून बायको लाजली, एवढं तरी मी खरं धरून बसलोय.

आता ती बाई पोलादपूरकडं जाते म्हणतात. तुमच्या घरी आली तर पाणी तरी विचारा. मी कधी विचारलं नाय.