आरशातला हात

काचेच्या दुकानात त्यांना सगळे हळूभाऊ म्हणत. खरं नाव मालकालाही जरा आठवून सांगावं लागे. टेम्पोतून काच पोहोचवायची, हे त्यांचं काम. मोठाल्या काचा मागच्या तिरक्या लाकडी चौकटीला टेकवून उभ्या करायच्या, मध्ये कागद घालायचा, दोरीने आवळायच्या आणि निघायचं. एवढं कुणीही करतं. हळूभाऊंचं वेगळेपण त्यांच्या कानात होतं. दोरी सैल पडली की काच फुटण्याआधी बारीक किणकिणते, आणि ती किणकिण त्यांना इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकू येई. त्यापायी टेम्पोतला रेडिओ त्यांनी आल्या आल्या काढून टाकला होता. शेजारी बसणाऱ्या हमालाला एकच ताकीद असे: गाडी चालू, तोंड बंद. हळूभाऊंच्या हातून काच फुटल्याचं दुकानात कुणाला आठवत नव्हतं.

इथवर ठीक होतं. पण तोच नियम त्यांनी घरच्यांनाही लावला.

मालकाची जुनी व्हॅन सुट्टीच्या दिवशी मागितली की मिळायची. थोरली तेव्हा सहा-सात वर्षांची होती, धाकटा नुकता नीट बोलायला लागलेला. बायको पहाटे उठून डबे भरायची, टॉवेल घ्यायची, कुणाला उलटी झालीच तर म्हणून दोन-चार पिशव्या खोचायची, आणि चौघं समुद्रावर नाहीतर तळ्यावर निघायची. पोहोचल्यावर हळूभाऊ निराळाच माणूस असे. धाकट्याला खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात पळायचे, थोरलीला वाळूत गळ्यापर्यंत पुरून 'ही मुलगी कुणाची हो?' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. वाटेत मात्र चकार शब्द नाही. फारच अडलं तर हात वर करायचा. बाबा आरशात बघतील आणि सोयीची जागा आली की थांबतील.

"अहो, मागे काचा नाहीत, तुमची पोरं आहेत," बायको म्हणायची.

"काच परवडली. ती मध्येच शू लागली म्हणत नाही."

बायकोला हसू यायचं आणि विषय तिथंच संपायचा. नातेवाईक तर कौतुकच करायचे. "काय गुणी मुलं हो तुमची. आमची कार्टी गाडीत बसली की जीव नकोसा करतात." हे ऐकलं की हळूभाऊंची कॉलर ताठ व्हायची.

एकदा ते असेच तळ्यावरून परतत होते. उन्हं कलली होती आणि थेट समोरून हळूभाऊंच्या चष्म्यावर येत होती. बायकोचं डोकं ठणकत होतं, ती पुढच्या सीटवर डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपली होती. इंजिन तापलं म्हणून हळूभाऊंनी चहाच्या एका टपरीसमोर गाडी घेतली, पाणी ओतलं, बॉनेट आपटून लावलं. मागचं दार उघडं दिसलं तसं बाहेरूनच सरकवलं आणि आत न डोकावता चाकामागे येऊन बसले. उशीर होत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, मनातून ते वैतागलेले होते. धाकटा कुत्र्याच्या पिल्लामागे टपरीच्या पाठीमागे गेला होता. थोरलीला ते ठाऊक होतं. पण दार सरकलं, लगेच इंजिन सुरू झालं, आणि तिने नियमाप्रमाणे हात वर केला.

हळूभाऊंना आरशात तो हात दिसला. धाकटा नेहमी सीटवर आडवा होऊन झोपायचा, त्यामुळे आरशात तो नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. हिला शू लागली असणार, घरापर्यंत दम धरेल, असं म्हणून त्यांनी रस्त्यावर नजर लावली. पुन्हा पाहिलं तर हात तसाच. मग दुखायला लागला म्हणून तिने तो बदलला, दुसरा वर केला. तेही त्यांना दिसलं.

बरंच अंतर गेल्यावर बायकोला जाग आली. तिने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "धाकटा कुठाय?"

हळूभाऊंनी व्हॅन वळवली आणि टपरीपर्यंत दामटली. धाकटा बाकड्यावर बसून बिस्किट खात होता, निम्मं स्वतः आणि निम्मं पिल्लाला. चहावाला म्हणाला, "आणखी काही विसरलायत का बघा, म्हणजे एकदमच देतो."

"तू बोलली का नाहीस?" हळूभाऊ थोरलीवर ओरडले.

"गाडी चालू होती," थोरली म्हणाली.

पुढे या प्रसंगाची गोष्ट झाली. लग्नाकार्यात, बारशांत हळूभाऊ ती रंगवून सांगत. चहावाल्याचं वाक्य, बायकोचा चेहरा, आणि शेवटी थोरलीचं उत्तर. माणसं पोट धरधरून हसत. थोरलीही हसायची. गोष्टीत हात मात्र कधीच आला नाही. हाताचं फक्त दोघांना माहीत आहे, असं हळूभाऊ धरून चालले होते. आरशात आपली आणि तिची नजरानजर झाली होती, याबद्दल त्यांना शंका नव्हती. ती कधी काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणंच त्यांना वयाबरोबर जास्त टोचू लागलं. तिची शाळा संपली, ती सासरी गेली, आई झाली. हळूभाऊ दर वेळी म्हणत, आता बोलू, मग बोलू.

काम सुटलं, गुडघे कुरकुरू लागले, आणि धाकट्याने नवं घर घेतलं. बायको मदतीला म्हणून आधीच तिकडे गेली होती. हळूभाऊंना न्यायला थोरली आपली गाडी घेऊन आली. मागे नात आणि नातू. थोरली चालवत होती आणि मुलं भांडत होती, गात होती, पाय आपटत होती. ती मध्येच त्यांना उत्तरं द्यायची, मध्येच एखादी ओळ त्यांच्याबरोबर म्हणायची. हळूभाऊ शेजारी बसून ऐकत होते. एवढ्या गोंगाटातही गाडी नीट चाललीय, याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं आणि वाईटही. आज सांगायचंच, असं ते घरून ठरवून निघाले होते.

"आजोबा, मामाला विसरले ती गोष्ट सांगा ना," नात म्हणाली.

"मी सांगतो," नातू म्हणाला. "मामा पिल्लामागे गेला आणि आई बोललीच नाही, कारण आई येडी होती."

"येडी नाही रे, गुणी होते. आजोबांना विचार," थोरली म्हणाली.

हळूभाऊंनी घसा साफ केला. "तुमची आई बोलली नाही, पण तिने हात वर केला होता. खूप वेळ. मला आरशात दिसत होता."

"मग थांबला का नाहीत?" नातीने विचारलं.

"वाटलं, शू लागली असेल. म्हटलं, घरी गेल्यावर बघू."

"शू लागली तरी थांबायचं असतं," नातू म्हणाला. "आई थांबते."

थोरलीने गाडी कडेला घेतली. मुलांना म्हणाली, "उतरा, पाय मोकळे करा. त्या झाडापलीकडे जायचं नाही." मुलं उतरली. तिचे दोन्ही हात चाकावरच होते.

"तुम्हाला दिसला होता?"

"तुला माहीत होतं ना. आपली नजरानजर झाली होती."

"नाही बाबा. मला नुसता तुमचा चष्मा दिसत होता. त्यात ऊन. मी आईला त्याच रात्री सांगितलं होतं, बाबांना ऊन लागत होतं, त्यांना हात दिसलाच नाही. ती तुमच्यावर चिडली होती ना, म्हणून."

"मला वाटायचं, तू मनात धरून बसली आहेस."

"काय धरणार? धरायला काही नव्हतंच माझ्याकडे. आत्तापर्यंत."

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द त्यांनी कितीदा मनाशी घोळवले होते. प्रत्यक्षात ते फारच लहान निघाले.

थोरलीने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी नव्हतं. ती झाडाखाली काटक्या गोळा करणाऱ्या मुलांकडे बघत होती. "धाकट्याला सांगू नका," ती म्हणाली. "तो अजून चारचौघांत हसून सांगतो. त्याचं तसंच राहू दे."

"बरं."

तिने मुलांना हाक मारली. काटक्या कुणाच्या जास्त यावरून वाद घालत दोघं चढली, दार लागलं, गाडी रस्त्याला लागली.

"आजोबा, मग पुढे?" नातीने विचारलं. "चहावाला काय म्हणाला?"

हळूभाऊंनी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, नाही म्हणायला नाही आणि हो म्हणायलाही नाही. मग त्यांनी उरलेली गोष्ट नेहमीसारखी सांगितली, बाकडं, बिस्किट, पिल्लू सगळं जागच्या जागी ठेवून. मुलं हसून हसून मागे एकमेकांवर पडली. थोरली समोर बघत गाडी चालवत राहिली.