गप्प बसलेले विषाणू आणि सत्तारचाचा

विज्ञान मंडळाचे किस्से डस्टरच्या डब्यातल्या खडूच्या तुकड्यांसारखे असतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण डबा भरलेलाच! मंडळात आम्ही तिघी: समीक्षा, झोया आणि मी. दोघी बोलतात, मी रफ वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.

यंदाच्या प्रदर्शनासाठी शेळके मॅडमनी विषय दिला, आपल्या डीएनएतले प्राचीन विषाणू. लाखो वर्षांपूर्वी काही विषाणू आपल्या वानर-पूर्वजांच्या पेशींत शिरले आणि त्यांचे तुकडे तिथंच राहून गेले. पिढ्यान्‌पिढ्या ते आपल्यापर्यंत आले. बहुतेक तुकडे गप्प बसून असतात. क्वचित एखादा जागा होतो, आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परका समजून अंगावर धावते.

गप्प बसून असतात म्हटल्यावर मला विषय लगेच आवडला.

एकच अडचण होती. प्रत्येकीनं परीक्षकांशी बोलायचं, नाहीतर प्रकल्प जिल्ह्याला जाणार नाही, असा नियम. माझ्या वाट्याला चार ओळी आल्या.

*

समीक्षा बजाजनगरला राहते. तिनं घरी जाऊन सांगितलं, आपल्या सगळ्यांत विषाणू आहेत. आईनं आधी तिच्या कपाळाला हात लावला, मग काढ्याचं पातेलं गॅसवर चढवलं. समीक्षानं समजावलं की ते लाखो वर्षांपासून आहेत.

काकूंनी गॅस बंद केला. "इतकं जुनं असंल तर काढा काय करणार?"

*

त्याच आठवड्यात हेडसर तिरुपतीहून आले. डोकं तुळतुळीत, मिशीही गेलेली! गेटवर सत्तारचाचा, आमचे वॉचमन. त्यांनी हात आडवा केला आणि कार्ड मागितलं.

सर म्हणाले, "सत्तार, अरे मी आहे."

"सगळे असंच म्हणतेत, साहेब. कार्ड दाखवा."

कार्ड घरी राहिलं होतं. शेळके मॅडम येईपर्यंत सर गेटबाहेर उभे होते. तेव्हापासून ते टोपी घालतात आणि तो विषय कुणी काढत नाही.

*

आम्ही कागदाच्या दोन लांब पट्ट्या केल्या, एक माणसाच्या डीएनएची, एक चिंपांझीच्या. विषाणूंचे तुकडे लाल रंगात. दोन्हींकडे बरेचसे लाल तुकडे अगदी त्याच जागी असतात, म्हणून झोयानं ते मोजून मोजून रंगवले. पट्ट्या व्हरांड्यात टांगल्या. सगळी शाळा बघून गेली, शिक्षक बघून गेले.

तिसऱ्या दिवशी मला दिसलं की नावाच्या चिठ्ठ्या उलट लागल्यात. मी मॅडमना हळूच सांगितलं. त्या हसत सुटल्या. "दोन दिवस कुणाला कळलं नाही ना? मग प्रकल्प जमला!"

*

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक आले. सोबत टोपी घातलेले हेडसर. सत्तारचाचा दाराशी उभे. समीक्षा धडाधड बोलली, झोयानं पट्ट्या दाखवल्या. परीक्षकांनी दोघींच्या नावापुढं खूण केली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "हा विषाणू इतकी वर्षं आपल्यातच राहतोय. मग प्रतिकारशक्ती त्याला मध्येच परका का समजते?"

हे माझ्या चार ओळींत नव्हतं. त्या चार ओळीही आता आठवत नव्हत्या. परीक्षकांनी पेनाला टोपण लावायला घेतलं. मॅडम खाली बघू लागल्या.

माझी नजर सत्तारचाचांवर गेली, आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"सर, आमचे हेडसर बारा वर्षांपूर्वी सोयगावच्या शाळेतून आले. तेव्हा बाहेरचे होते. आता शाळेचेच झालेत. रोज गेटमधून येतात, चाचा बघतसुद्धा नाहीत. पण एक दिवस ते वेगळे दिसले, तर चाचांनी अडवलं. चाचा म्हणजे प्रतिकारशक्ती."

परीक्षकांनी विचारलं, "आणि हेडसर?"

समीक्षानं डोळे मिटून घेतले.

मी म्हणाले, "विषाणू, सर."

परीक्षकांनी टोपण काढून माझ्या नावापुढं खूण केली. मग दाराकडं वळून म्हणाले, "काय चाचा, आता ओळखता ना यांना?"

चाचांनी हेडसरांना टोपीपासून चपलेपर्यंत नीट बघितलं.

हेडसरांनी खिशातून कार्ड काढलं आणि गळ्यात घातलं.