सिद्रामनं सोडलेला पेपर

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालंय. आरामखुर्चीत पडलोय. आत बायको भांडी लावतेय, तो आवाज हळूहळू लांब जातो आणि लांब गेल्यावर चेंडूचा होतो. भिंतीवर कुणीतरी चेंडू मारतंय.

"सर, झोपलासा काय?"

सिद्राम कोरी. फेब्रुवारीत गेला. त्याच्या मातीला मी गेलो नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. आता तो खिडकीबाहेर कॉलेजच्या मैदानावर उभा आहे, नऊ नंबरची जर्सी घालून, विशीतला. मैदान आमच्या परसात कसं आलं, हे मला विचारावंसं वाटत नाही.

तो पळतो. फुटबॉलमध्ये तसा फॉरवर्ड तालुक्यात पुन्हा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी कॉलेजचा क्रीडाशिक्षक, मीच त्याला घडवला, असंही पूर्वी सांगत असे. टीचभर कॉलेज आमचं, पण पाच वर्षं त्यानं भल्याभल्यांना पाणी पाजलं. बी.ए. तीन वर्षांचं असतं. उरलेली दोन माझी. पदवी मिळाली की खेळाडू हातचा जातो, म्हणून दोनदा मीच सांगितलं, "इंग्रजीचा पेपर सोड, अजून एक वर्ष खेळशील." पुढे बँकेच्या संघानं बोलावलं तेव्हा पदवी मागितली. तोवर त्याची अभ्यासाची सवय मोडली होती, तो पेपर राहिला तो राहिलाच. जन्मभर साखर कारखान्याच्या गेटवर बसला.

तो गोलकडे धावतोय आणि गवतावर बाकं आहेत, रांगेनं. मी सुपरवायझर आहे. चिखलाच्या बुटांनिशी सिद्राम पहिल्या बाकावर बसतो.

"आज बसू न्हवं पेपरला?"

बस, म्हणायचंय मला. जीव तोडून म्हणायचंय. तोंडातून येतं, "पुढच्या वर्षी."

तो मान डोलावतो आणि तरीही लिहायला लागतो. मी वाकून बघतो. पानभर नुसता बैठक क्रमांक, पुन्हा पुन्हा तोच. मला भीती वाटते.

"सिद्राम, तुझ्या भल्यासाठी नव्हतं रे ते. चषक मला हवा होता."

"ठावं हुतं की, सर."

"मग सोडलास कशाला?"

"तुम्ही सांगिटलासा न्हवं."

आवाजात राग नाही. असता तर बरं झालं असतं.

"पुरवणी द्या, सर."

मी देतो. ती भरते. आणखी देतो. घंटा होते तेव्हा बाकावर पुरवण्यांचा ढीग झालाय. तो त्या नीट जुळवतो, भोकांतून दोरा ओवतो.

"हितं बोट धरा, सर. गाठ मारतो."

मी बोट ठेवतो.

"अहो, चहा."

डोळे उघडतो. पायांवर ऊन आलंय. बायको कप धरून माझ्या हाताकडे बघतेय. अंगठ्याशेजारच्या बोटाला पांढरा दोरा आहे, दुहेरी गाठीचा, करकचून बांधलेला. बोट काळंनिळं पडलंय.

"अगंबाई, हे काय बांधून घेतलंत?" म्हणत ती कात्री आणायला वळते.

"कापू नकोस!" मी ओरडतो. "त्याचा पेपर त्यात बांधलाय."