खाणीत बाजूला बसलेला

भुतंखेतं, साक्षात्कार, चमत्कार... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर देवावरही उरला नव्हता. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. पण आमची रूथ तीन वर्षांची असताना तापाने गेली, आणि त्यानंतर मी चर्चची पायरी चढलो नाही. बायको मार्था एकटीच जायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी पनवेलला टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. एप्रिलमध्ये नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी लाइन बंद पडली. जोडीदार रजेवर, म्हणून एकटाच सायकलने गेलो. वर तार बघत चालताना बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठावरून पाय सुटला... सरळ खाली. उजवी मांडी मोडली.

सकाळचे दहा वाजले असतील. हाका मारून मारून घसा पार बसला, आवाजच फुटेना. बारापर्यंत दगड तव्यासारखे तापले. पाण्याची बाटली वर सायकललाच. आपण इथेच संपणार हे कळल्यावर मला भीतीपेक्षा राग आला. पुटपुटत देवाला म्हटलं, "रूथच्या वेळी आला नाहीस. आता वाचवू नकोस हवं तर – पण निदान बाजूला येऊन बस!"

"बसलोय की," कोणीतरी म्हणालं.

शांत आवाज, अगदी कानाशी. मान वळवली... कोणी नाही. घाबरायला हवं होतं, पण छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलावा तसं हलकं वाटलं.

"मग तेव्हा कुठे होतास?"

"तिच्या उशाशी. आणि तू दवाखान्याच्या मागच्या पायरीवर रडत होतास, तिथेही."

त्या पायरीबद्दल मी मार्थालाही कधी सांगितलं नव्हतं.

मग मी भांडलो, रडलो, शेवटी माफी मागितली. तो म्हणाला, "माफ तर केव्हाच केलं."

एवढ्यात काठावरून एक बाई डोकावली. जवळच्या वाडीवरची ठकीबाई, लाकूडफाटा गोळा करायला आलेली. तिने वाडीवरची माणसं बोलावली, घोंगडीची झोळी करून मला वर काढलं. पाणी पाजताना ती वाकून खाली खाणीत बघत होती.

"दुसरा कुटं हाय?"

"दुसरा कोण?" मी कसंबसं विचारलं.

"तुज्यासंगं बोलत व्हता तो. त्यानंच जोरात हाळी दिली – 'ठकी, हिकडं ये!' म्हनून तर आलो आमी."

तिचं नाव मला तोवर माहीत नव्हतं. माणसांनी खाण पुन्हा पाहिली. कोणी नव्हतं.

चार महिन्यांनी कुबड्या घेऊन मी चर्चमध्ये उभा राहिलो. पाळकसाहेबांनी बसायला खुर्ची दिली, मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. गीत सुरू झालं तसा इतक्या जोरात गायलो की पेटीवाल्याला सूर सांभाळता येईना. मार्था रडत होती, हसतही होती.

डॉक्टर म्हणाले, उन्हाने आणि तहानेने भास होतात. असेल. पण ऊन मला लागलं होतं... हाक ठकीबाईने ऐकली. फक्त एक सांगतो – त्या दिवसानंतर मी एकटा असा कधी राहिलोच नाही.