दोन टाचांचं रक्त

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव ठेवलं प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी, पण ते घरी पोचायला आठवडाही लागला नाही. नवऱ्याला ते ऐकताक्षणी पटलं. लग्नाच्या बावीस वर्षांत तिच्या बाबतीतली दुसरी कुठलीच गोष्ट त्याला इतकी झटकन पटली नव्हती. बाई एका जागी टिकत नसे. कुलूप लावून जिना उतरली की परत वर जाऊन ते ओढून बघायची. गॅस बंद केलाय ना, हे विचारायला दुपारी फोन करायची. नवरा सायकली दुरुस्त करणारा शांत माणूस. तो दुकानात बसूनच सांगायचा, "बंद आहे. मी इथून बघतोय."

इस्पितळात मात्र ही खोड कामाची होती. चौदा वर्षं ती नवजात बाळांचं रक्त तपासत होती, आणि त्या कामात निवांत माणसाला थारा नाही. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर तो कण्हतो, ताप चढतो, घर डोक्यावर घेतो. दोन दिवसांचं बाळ यातलं काहीच करत नाही. सकाळी दूध पितं आणि संध्याकाळी गार पडतं. पूर्वी एकच उपाय होता. रक्त बाटलीत घालायचं आणि त्यात जंतू वाढतात का, हे बघत दोन-तीन दिवस थांबायचं. तोवर डॉक्टर संशयावर औषध सुरू करत. दहा बाळांना सुया टोचल्या जात आणि त्यातल्या एखाद्यालाच त्यांची गरज असे.

गेल्या वर्षी नवं यंत्र आलं. त्याला टाचेतलं थेंबभर रक्त पुरे. ते जंतू शोधतच नसे. जंतू आत शिरल्यावर रक्तातल्या पेशी ज्या खुणा सोडतात, त्या ते वाचायचं आणि दीड तासात लाल किंवा हिरवा निकाल द्यायचं. भिंगरी नव्या मुलींना सांगायची, "चोर दिसायची वाट बघायची नाही. घरात आरडाओरडा झालाय का, ते ऐकायचं."

फक्त नळी हातात आल्याबरोबर दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करावी लागे, नाहीतर त्या खुणा विरून जात. भिंगरी मोठ्याने मोजायची. शिवाय तिचा स्वतःचा एक नियम होता: एका वेळी एकच बाळ. टोचायचं, नळी भरायची, दहा मोजायचे, चिठ्ठी लावायची आणि मगच दुसऱ्या पाळण्याकडे वळायचं. कारण या बाळांना नाव नसतं. आईचं नाव आणि पुढे 'बाळ' एवढंच. जुळी असली तर 'पहिलं' आणि 'दुसरं'.

त्या सकाळी जुळीच होती. पहिला मुलगा, लहानखुरा, जन्मल्यापासून धापा टाकत होता. त्याला औषध सुरू झालंच होतं. दुसरी मुलगी, गुबगुबीत, दूध ओढून पिणारी. एका जुळ्यावर संशय आला की दोघांचंही रक्त बघायचं असा कायदा होता, म्हणून तिचंही घ्यायचं. वॉर्डच्या सिस्टरला घाई झाली होती. आई आणि मुलगी घरी जाणार होत्या. घर बसने दीड तासावर, आई रोज येऊन मुलाला दूध देणार होती, आणि तिची खाट रिकामी व्हायची वाट बघत तिघीजणी बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"ताई, आटपा हो! तुमचं दहा-दहा मोजणं आज पुरे झालं!"

दोन्ही पोरं ताळ्यावर नव्हती. एक रडलं की दुसरं त्याला साथ देत होतं. भिंगरीने मुलाची नळी भरली, उलटी-सुलटी केली आणि चिठ्ठी न लावताच खिशात टाकली. मग मुलीची भरली. ती दुसऱ्या खिशात. चिठ्ठ्या तिने बाहेर टेबलावर जाऊन लावल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

सव्वादहाला निकाल आले. पहिलं बाळ हिरवं. दुसरं बाळ लाल.

तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसलेच. "अहो, धापा टाकणारा ठणठणीत, आणि ढेकर देणारी आजारी? नळ्यांची अदलाबदल झाली असेल. मुलाचं औषध चालूच आहे. मुलीला सोडतोय मी."

"सर, अदलाबदल झाली नसेल तर?"

"तुम्ही खात्रीने सांगता का?"

आता आली का पंचाईत! जी बाई स्वतःच्या कुलपाची खात्री देत नाही, ती काय सांगणार? मुलगा डाव्या खिशात होता की उजव्या? डाव्या. नाही, डाव्यात रुमाल असतो. रुमाल तर आज घरीच राहिला होता. ती म्हणाली, "नाही सर. खात्रीने नाही सांगता येत."

फोन ठेवला आणि ती धावली. नवजात विभाग दोन मजले खाली होता. आई दारात उभी होती, खांद्याला पिशवी, कुशीत मुलगी. भिंगरी दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी राहिली. "जाऊ नका. दीड तास थांबा. फक्त दीड तास." आई घाबरली, सिस्टर भडकली, आणि आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले.

"सर, नळ्यांत रक्त उरलंय. एक मुलगा, एक मुलगी आहे. मुलाच्या रक्तात जी खूण असते ती मुलीच्या नसते. कुठली नळी कुणाची, ते यंत्रच सांगेल. पुन्हा टोचायलाही नको."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "बाराला सांगा. बारापर्यंतच." मग आईला त्यांनी समजावलं, की दोघांतल्या एकाच्या रक्तात संसर्ग दिसतोय, कुणाच्या ते ठरायचंय.

तो दीड तास भिंगरीने कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. तीनदा हात धुतले. धुतलेलं टेबल पुन्हा पुसलं. खिडकीशी गेली, परत आली. नवऱ्याला फोन केला आणि गॅसबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तोच म्हणाला, "अगं, काय झालंय?"

"माझी चूक झाली असेल."

"झाली असेल तर सांगून टाक. तुला कोण खातंय?"

सांगायला सोपं. चूक निघाली तर चौदा वर्षांच्या विश्वासावर पाणी. यापुढे तिच्या हातच्या प्रत्येक निकालावर कोणीतरी हसणार. यंत्राचा आकडा सरकत होता, आणि ती मनात घोकायला लागली: लाल नळी मुलीची निघू दे. मुलीचीच निघू दे. चार-पाच वेळा घोकून झालं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण काय मागतोय? आपला शब्द खरा ठरावा म्हणून एका धडधाकट लेकराला आजार मागतोय! ती खुर्चीवर बसली. भिंगरी बसली, हे बघून पलीकडच्या टेबलावरची मुलगी पाणी घेऊन धावत आली.

बाराला सात मिनिटं कमी असताना निकाल आला. लाल नळीत मुलाची खूण नव्हती. चिठ्ठ्या बरोबर होत्या. मुलीचंच रक्त होतं ते.

सव्वाबाराला मुलीला औषध सुरू झालं. अडीच वाजता तिने दूध सोडलं आणि तिचे पाय गार पडले. त्या वेळी ती बसमध्ये असती, नाहीतर घरी, आणि शांत झोपलीय म्हणून कोणी तिला उठवलंही नसतं. तिसऱ्या दिवशी तिच्या रक्ताच्या बाटलीत जंतू वाढले. मुलाच्या फुप्फुसात जन्माचं पाणी राहिलं होतं, ते आपोआप ओसरलं आणि धाप थांबली. डॉक्टर स्वतः वर आले, सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, मी हसलो ते चुकलो." सिस्टरने चहा पाजला. भिंगरीला तो चहा गोड लागला नाही. शाबासकी जितकी मिळे, तितकं तिला खुपत जाई.

दहाव्या दिवशी जुळी घरी निघाली. आईने मुद्दाम भिंगरीला खाली बोलावून घेतलं आणि तिचे हात धरले. "ताई, माझ्या लेकीसाठी तुम्ही जिवाचं रान केलंत."

भिंगरीला राहवलं नाही. "असं म्हणू नका हो. वर यंत्रापुढे बसून मी काय मागत होते, सांगू? लाल नळी मुलीचीच निघू दे. म्हणजे माझी चूक नाही ठरणार. दहा दिवस झाले, मला झोप नाही."

आईने हात सोडले नाहीत. हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, दोघांतल्या एकालाच आहे. तेव्हा मी पण मागितलं. मुलाला असू दे, म्हटलं. तो तसाही आजारीच आहे, हिला तरी नको. आई आहे मी, आणि पोटच्या पोराला आजार मागितला. हे मी नवऱ्याला पण सांगितलं नाही."

भिंगरी म्हणाली, "सांगूही नका. आता दोघं बरी आहेत."

"तुम्ही पण झोपा आता," आई म्हणाली. पिशवी खांद्यावर चढवायला तिने कुशीतलं एक गाठोडं भिंगरीच्या हातात दिलं. "जरा धरा. मुलगी आहे."

भिंगरीने बाळ छातीशी घेतलं. मग कापड हळूच बाजूला सारून मनगटावरची पट्टी वाचली, एकदा आणि पुन्हा एकदा. आई रडता रडता हसली.